अमेरिकन माजी सैनिक आणि लैंगिक दुर्बलतेचे क्लेम : ‘शून्य टक्के’ म्हणजे नकार नव्हे

पारंबी

ह्या विषयावर मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मी अमेरिकेत माजी सैनिकांच्या एका संघटनेची अधिकृत प्रतिनिधी आहे. ‘डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स’, म्हणजे सगळे ज्याला नुसते ‘व्हीए’ म्हणतात, त्या खात्याकडे अपंगत्वाच्या भरपाईचे क्लेम तयार करून पाठवणे हे माझे रोजचे काम आहे. ग्रीन कार्डावर इथल्या सैन्यात भरती होता येते, २००८ साली जाहीर झालेल्या ‘मॅव्हनी’ योजनेतून भारतीय विद्यार्थीही सैन्यात गेले, इथे जन्मलेली आपली मुले जातात आणि आपल्या मुलींच्या सासरी तर व्हिएतनामपासूनचे माजी सैनिक असतात. त्यामुळे ही माहिती मराठी घरांतही लागते. मात्र ती विचारण्याचे धाडस सहसा कोणाला होत नाही.

विषय इरेक्टाइल डिसफंक्शनचा आहे, म्हणजे संभोगासाठी पुरेशी ताठरता न येणे किंवा आली तरी न टिकणे. हा त्रास लष्करी सेवेमुळे झाला असेल, तर व्हीएकडे त्याचा रीतसर क्लेम करता येतो.

क्लेम दोन वाटांनी जातो. पहिली वाट थेट आहे : सेवेत असताना काही घडले, आज निदान झालेले आहे आणि दोन्हींचा संबंध डॉक्टर सांगतो. सुरुंगाच्या स्फोटात कमरेखाली झालेली इजा, मणक्याची दुखापत, ओटीपोटावरची शस्त्रक्रिया अशा केसेस ह्या वाटेने जातात. दुसरी वाट ‘सेकंडरी’ क्लेमची आहे. जो आजार व्हीएने आधीच सेवेशी जोडलेला आहे, त्या आजारामुळे किंवा त्याच्या औषधांमुळे हा दुसरा त्रास उद्भवला किंवा वाढला, असे त्यात दाखवायचे असते. माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक फायली ह्या दुसऱ्या वाटेच्या असतात. पीटीएसडीसाठी, म्हणजे युद्धासारख्या जबर आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक विकारासाठी, सर्ट्रालिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असते, रक्तदाबाची गोळी चालू असते, मधुमेह असतो किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली असते.

आता शीर्षकाविषयी. व्हीएच्या रेटिंगच्या, म्हणजे भरपाईसाठी अपंगत्वाची टक्केवारी ठरवण्याच्या, तक्त्यात ह्या विकाराचा क्रमांक ७५२२ आहे. १४ नोव्हेंबर २०२१ पूर्वी त्या क्रमांकाखाली वीस टक्के मिळत. पण त्यासाठी ताठरता जाणे आणि लिंगात व्यंग असणे ह्या दोन्ही गोष्टी लागत, म्हणून फार थोड्यांना ते मिळत. त्या तारखेपासून तक्ता बदलला. आता व्यंग असो वा नसो, रेटिंग शून्य टक्केच. ज्यांना आधी वीस टक्के मिळालेले आहेत, त्यांचे रेटिंग केवळ तक्ता बदलला म्हणून खाली आणता येत नाही.

निर्णयाच्या पत्रावर ‘झिरो पर्सेंट’ हे शब्द दिसले की माणूस पत्र घडी करून ठेवून देतो. परंतु शून्य टक्के देताना खात्याने एक गोष्ट मान्य केलेली असते : हा त्रास सेवेमुळे झाला. आणि त्याच क्रमांकाखालच्या तळटीपेत निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला सूचना आहे की ‘स्पेशल मंथली कॉम्पेन्सेशन’चा विचार करावा. प्रजननाशी संबंधित अवयवाचा वापर गमावल्याबद्दल मिळणारी ही दरमहाची रक्कम कायद्याच्या ‘के’ ह्या पोटकलमात आहे, म्हणून तिला सगळे ‘एसएमसी-के’ म्हणतात. डिसेंबर २०२४ पासून तिचा दर महिन्याला १३६.०६ डॉलर होता. ती टक्क्यांच्या बेरजेत धरली जात नाही, वर वेगळी मिळते. एकट्या राहणाऱ्या, सत्तर टक्के रेटिंग असलेल्या माजी सैनिकाला त्या दराने १७५९.१९ डॉलर मिळत. एसएमसी-के धरून ते १८९५.२५ होत. ही भरपाई करमुक्त असते.

रक्कम मोठी नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मी प्रत्येकाला क्लेम करायला सांगते, कारण एकदा सेवेशी संबंध मान्य झाला की त्या विकारावरचे व्हीएचे उपचार त्याला हक्काने मिळतात, आणि जे गेले ते देशाच्या कामात गेले, ही नोंद सरकारदरबारी होते. माझ्या टेबलासमोर बसून ‘हे राहू द्या, हे नका लिहू’ म्हणणारे अनेक पुरुष मी पाहिले आहेत. पाठीचे, गुडघ्याचे, कानाचे सगळे सांगतात आणि हे एकच गाळतात. त्यांनी डॉक्टरलाही सांगितलेले नसते. मग फायलीत नोंदच नसते, आणि व्हीएच्या कामात कागदावर जे नाही ते घडलेलेच नाही असे धरले जाते.

प्रश्न असतील तर विचारा. नाव, युनिट, गाव काहीही लिहू नका.

निरंजनी

पारंबीताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. हे पहिल्यांदाच कोणाला तरी लिहून विचारत आहे.

माझे पती अमेरिकन सैन्यात होते, अफगाणिस्तानला जाऊन आले. पीटीएसडीचे सत्तर टक्के रेटिंग त्यांना मिळालेले आहे. बरीच वर्षे सर्ट्रालिन चालू आहे आणि तिचा डोस मध्यंतरी वाढवला. डोस वाढल्यानंतर आमच्यातले हे बिनसले. आधी मला वाटे की माझ्यातच काही कमी आहे. ते ह्यावर बोलत नाहीत आणि डॉक्टरांना सांगितलेले नाही हे नक्की. आता इतक्या उशिरा क्लेम होऊ शकतो का? आणि पत्नी म्हणून मी काही लिहून देऊ शकते का?

पारंबी

निरंजनीताई, होऊ शकतो. सेकंडरी क्लेमसाठी त्रास सेवेत असतानाच सुरू झालेला असावा लागत नाही. सेवेशी जोडलेला आजार आधीच मान्य आहे, हे तुमचे निम्मे काम झालेले आहे.

पहिली गोष्ट डॉक्टरांना सांगण्याची. येत्या भेटीत त्यांनी आपल्या डॉक्टरांना एवढेच सांगितले तरी पुरे : त्रास केव्हापासून आहे, औषध केव्हा वाढले, औषधाआधी काय स्थिती होती. डॉक्टर ते नोंदवतील, निदान लिहितील आणि तिथून कागद तयार व्हायला लागेल. ते तोंडाने बोलू शकत नसतील, तर व्हीएच्या ऑनलाइन पोर्टलवरून डॉक्टरांना सुरक्षित संदेश पाठवता येतो. माझ्याकडचे काही जण समोरासमोर कधीच बोलले नाहीत, त्यांनी लिहूनच सांगितले, आणि ते चालले. मात्र औषध स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका.

दुसरी गोष्ट तुमच्या निवेदनाची. त्यासाठी २१-१०२१० क्रमांकाचा फॉर्म आहे. पत्नीचे निवेदन हा ग्राह्य पुरावा असतो, कारण ह्या बाबतीत तुमच्याइतकी जवळची साक्षीदार दुसरी कोणी नाही. त्यात वैद्यकीय मत देऊ नका. ‘औषधामुळेच झाले’ हे ठरवणे डॉक्टरचे काम आहे. तुम्ही जे पाहिले ते लिहा : लग्नानंतर अमुक काळ काही अडचण नव्हती, अमुक वर्षी डोस वाढला, त्यानंतर काय बदलले. चार-पाच साधी वाक्ये पुरतात. खासगी तपशील जितका आवश्यक तितकाच द्या.

तिसरा कागद ‘नेक्सस लेटर’, म्हणजे दोन्हींचा संबंध सांगणारे डॉक्टरचे पत्र. ह्यातच बहुतेक क्लेम अडतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. डॉक्टर सद्भावनेने लिहितात की ह्या औषधाचा असा परिणाम होऊ शकतो. ‘होऊ शकतो’ ह्या शब्दांना व्हीए काहीच वजन देत नाही, कारण होऊ तर काहीही शकते. कायद्याची कसोटी ‘संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे’ अशी आहे, म्हणजे पन्नास टक्के. पारडी समसमान असतील तर निर्णय माजी सैनिकाच्या बाजूने द्यायचा, हे कायद्यातच लिहिलेले आहे. म्हणून पत्रात तीच इंग्रजी शब्दयोजना, ‘ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट’, असावी. नुसते ते शब्दही पुरत नाहीत. डॉक्टरने फाइल वाचली आहे, औषध कधी सुरू झाले, तक्रार कधी सुरू झाली, दुसरी संभाव्य कारणे कोणती आणि ती ह्या रुग्णात का लागू पडत नाहीत किंवा कमी लागू पडतात, हे लिहिलेले हवे. कारणमीमांसा असलेले अर्ध्या पानाचे पत्र नुसत्या निष्कर्षाच्या चार पानांपेक्षा भारी ठरते.

नंतर व्हीए तपासणीला बोलावते, तिला ‘सी अँड पी एक्झाम’ म्हणतात. पुरुष जननेंद्रियांच्या विकारांसाठी ठरलेली प्रश्नावली असते. तिच्यात विचारतात की औषधाशिवाय संभोगासाठी पुरेशी ताठरता येते का, आणि औषध घेऊन येते का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुष्कळ जण संकोचाने पहिल्याच प्रश्नाला ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात आणि मग तेच उत्तर निर्णयात छापून येते. त्यांना हे आधीच सांगून ठेवा. शारीरिक तपासणी नको असेल तर ते नम्रपणे नकार देऊ शकतात. तशी नोंद करण्याची सोय त्या प्रश्नावलीत आहे.

तुमच्यात काही कमी नव्हते. आणि त्यांची मनःस्थिती कधी फार बिघडली, तर ९८८ हा क्रमांक लावून १ दाबायचे. ती खास माजी सैनिकांसाठीची, दिवसरात्र चालणारी सेवा आहे.

शल्यक

मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे, आता निवृत्त आहे. पारंबी ह्यांनी क्लेमची बाजू स्पष्ट मांडली आहे. वैद्यकीय बाजू थोडी मांडतो, कारण ‘संबंध’ सिद्ध करायचा तर तो शरीरात कुठे असतो हे कळायला हवे.

ताठरता ही मुळात रक्तप्रवाहाची क्रिया आहे. उत्तेजनेचा संदेश मज्जातंतूंतून आला की नायट्रिक ऑक्साइड हे रसायन तयार होते, रक्तवाहिन्यांभोवतालचे स्नायू सैल पडतात, रक्त आत भरते आणि ते बाहेर जाण्याचा मार्ग दाबला जातो. ह्या साखळीतला कोणताही दुवा तुटला तरी परिणाम तोच दिसतो. मधुमेह एकाच वेळी रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडवतो. मज्जारज्जूला इजा झाली तर ती कोणत्या पातळीवर आहे ह्यावर बरेच अवलंबून असते : मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला, एस-२ ते एस-४ ह्या पातळ्यांवर, स्पर्शाने येणाऱ्या ताठरतेचे केंद्र असते. ते शाबूत असेल तर मेंदूशी संपर्क तुटूनही काही प्रमाणात ताठरता येते. प्रोस्टेट काढताना त्याला चिकटून जाणारे बारीक मज्जातंतू दुखावतात. सर्ट्रालिनसारखी औषधे इच्छा, ताठरता आणि वीर्यस्खलन ह्या तिन्हींवर परिणाम करू शकतात. रक्तदाबाच्या औषधांपैकी जुने बीटा ब्लॉकर आणि थायझाइड गटातली मूत्रल औषधे ह्यांचे नाव घेतले जाते. आणि मनाचा भाग असतोच. पीटीएसडीत शरीर सतत धोक्याच्या पवित्र्यात असते. त्या अवस्थेत ही क्रिया नीट होत नाही.

दोन गोष्टी क्लेमपेक्षाही महत्त्वाच्या आहेत. ह्या तक्रारीकडे हृदयरोगाची आगाऊ सूचना म्हणूनही पाहावे लागते, कारण इथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात आणि त्या आधी बुजतात. तेव्हा साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सकाळच्या वेळचे टेस्टोस्टेरॉन एवढे तपासून घ्यावे. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधे चालू असतील, तर सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा त्या जातीची गोळी मुळीच घेऊ नये. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जातो. संकोचापोटी माणसे परस्पर ऑनलाइन गोळ्या मागवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तटस्थ_वाचक

माझा प्रश्न कोणाला दुखावण्यासाठी नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर ही तक्रार सैन्यात न गेलेल्या पुरुषांतही सर्रास असते. मग ह्यासाठी करदात्यांच्या पैशातून भरपाई देणे कितपत न्याय्य आहे? आणि तक्रार खरी की खोटी, हे सिद्ध तरी कसे होणार?

पारंबी

प्रश्न रास्त आहे आणि व्हीएचे परीक्षकही तो विचारतात. ‘वयोमानानुसार’ असे लिहून नाकारलेली पत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. उत्तर असे की वय हे एक कारण आहे म्हणून दुसरे कारण नाहीसे होत नाही. सेवेशी जोडलेल्या आजाराने हा त्रास निर्माण केला नसेल पण वाढवला असेल, तरीही क्लेम बसतो. फक्त तेव्हा आधीची पातळी किती होती हे कागदाने दाखवावे लागते. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर वयाचा मुद्दा येतच नाही.

आणि हे सगळे गोळ्यांच्या दुष्परिणामांचेच प्रकरण आहे, असे कृपया समजू नका. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत २००१ ते २०१३ ह्या काळात जननेंद्रिये किंवा मूत्रमार्ग जायबंदी झालेल्या अमेरिकन पुरुष सैनिकांची संख्या १,३६७ होती, असे लष्करी वैद्यकीय नोंदींवरच्या अभ्यासात आढळले. पायी गस्त घालताना पायाखाली स्फोट झाला की पायांबरोबर हेही जाते, आणि बहुतेक मुले तरुण होती. २०१८ सालच्या मार्च महिन्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अफगाणिस्तानात जखमी झालेल्या एका सैनिकावर लिंग आणि वृषणकोश ह्यांचे प्रत्यारोपण झाले. शस्त्रक्रिया चौदा तास चालली. त्याने आपले नाव जाहीर होऊ दिले नाही. गेलेला पाय लोकांना दिसतो आणि त्याबद्दल त्याला सलाम मिळतो. ही जखम त्याला आईलाही दाखवता येत नाही.

खोटे क्लेम होत असतील, मी नाही म्हणत नाही. मी स्वतः फाइल पाहून ‘ह्यात संबंध दिसत नाही, क्लेम करू नका’ असे सांगितलेले आहे आणि पुढेही सांगेन. पण महिन्याला १३६ डॉलरसाठी अनोळखी परीक्षकापुढे, बायकोच्या सहीनिशी, ही गोष्ट खोटी कबूल करणारे पुरुष किती असतील, ह्याचा आपणच विचार करावा.

कऱ्हाडचा_फौजी

मी भारतीय सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. इथली सगळी चर्चा वाचली. आपल्याकडची स्थिती थोडक्यात सांगतो, म्हणजे कोणी दोन्हींची गल्लत करणार नाही.

आपल्याकडे अशा वेगळ्या मासिक रकमेची तरतूद नाही. आपले सगळे ‘डिसॅबिलिटी पेन्शन’च्या चौकटीत चालते. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड बसते. दोन प्रश्नांची उत्तरे ते देते : अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे वाढले का, आणि ते किती टक्के. सेवेशी संबंध मान्य झाला आणि टक्केवारी वीस किंवा अधिक असली, तर डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळतो. धरमवीर सिंग ह्यांच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भरतीच्या वेळी जवान निरोगी म्हणून घेतला असेल आणि तेव्हा कोणत्या रोगाची नोंद नसेल, तर नंतरचा आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरायचे. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. त्या आधारावर मधुमेह आणि रक्तदाबाच्या अनेक केसेस सैन्य न्यायाधिकरणात जवानांनी जिंकल्या. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू आहेत, तेव्हा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनी ते वाचूनच अर्ज करावा. आपल्या भागातल्या लोकांना ह्या न्यायाधिकरणाचे मुंबईचे खंडपीठ जवळ पडते. त्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दाखवून घ्यावेत.

आता ज्या विषयासाठी धागा आहे, त्याबद्दल. माझ्या पलटणीतला एक जवान चकमकीत मणक्याला गोळी लागून कमरेखाली लुळा झाला. पुढे तो खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये राहिला. हे केंद्र १९७४ सालापासून अशा जवानांसाठी आहे. मी भेटायला जात असे. व्हीलचेअर कशी चढवायची, जखमा होऊ नयेत म्हणून कूस केव्हा बदलायची, लघवीची नळी कशी सांभाळायची, हे सगळे तो मला उत्साहाने सांगे. लग्न होऊन त्याला दोनच वर्षे झाली होती. मूल होऊ शकेल का, हे त्याला विचारायचे होते. पण ते त्याने मला विचारले, डॉक्टरांना नाही. मी तरी काय सांगणार? मी म्हणालो, देवाच्या मनात असेल तर होईल. आज वाटते की त्याचा हात धरून त्याला डॉक्टरांच्या खोलीत घेऊन जायला हवे होते.

शल्यक

सुभेदारसाहेब, त्या जवानासारखे कोणी वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहितो. मज्जारज्जूला इजा झालेल्या पुरुषाला मूल होणे अनेकदा शक्य असते. नैसर्गिक स्खलन होत नसेल तर कंपनयंत्राने किंवा विद्युत उत्तेजनाने वीर्य मिळवता येते, कधी वृषणातून सुईने शुक्राणू काढतात आणि पुढे आयव्हीएफ करतात. वेळ गेल्यावर शुक्राणूंची गुणवत्ता घसरते, म्हणून इजा झाल्यावर लवकर विचारलेले बरे. अमेरिकेत २०१६ पासून व्हीए सेवेमुळे वंध्यत्व आलेल्या माजी सैनिकांना आयव्हीएफचा खर्च देते.

अबोली

हा धागा फक्त पुरुषांसाठी आहे का? मीही अमेरिकन नौदलात होते.

पारंबी

मुळीच नाही, आणि मी हे वरच लिहायला हवे होते. स्त्रियांच्या लैंगिक उत्तेजनेच्या विकारासाठी २०१८ पासून ७६३२ हा स्वतंत्र क्रमांक आहे. रेटिंग त्यालाही शून्य टक्के आणि तळटीपही तीच, एसएमसी-केचा विचार करण्याची. सेवेतल्या लैंगिक अत्याचारामुळे पीटीएसडी झालेल्या आणि त्यासाठी औषध घेणाऱ्या स्त्रियांना ह्या तरतुदीची फार गरज असते आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. तुम्ही मला खासगी संदेश पाठवा. संघटनेतली स्त्री प्रतिनिधीच मागा. तसे मागण्याचा संकोच करू नका, आणि तपासणीसाठी स्त्री परीक्षकही मागता येते.

दूरदेशी

माझे सासरे व्हिएतनाम युद्धात होते. मधुमेह एजंट ऑरेंज ह्या तिथे फवारलेल्या तणनाशकामुळे झाला, हे व्हीएने पूर्वीच मान्य केले आहे. एका खासगी कंपनीने त्यांना फोन करून सांगितले की आम्ही ह्या त्रासाचा क्लेम करून देतो, वाढीव रकमेच्या काही महिन्यांचे पैसे आम्हाला द्या. त्यांनी सही केली. मग क्लेम नाकारला गेला. पत्रात लिहिले आहे की ताठरतेचा त्रास मधुमेहाच्या निदानाच्या आधीपासून होता, म्हणून तो मधुमेहामुळे झालेला नाही. आता काय करता येईल?

पारंबी

आधी कंपनीचे. व्हीएकडे पहिला क्लेम तयार करून देण्यासाठी कोणीही पैसे घेणे कायद्याला धरून नाही. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लीजन, व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स अशा संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करतात. मान्यताप्राप्त वकील खात्याचा पहिला निर्णय झाल्यानंतरच फी घेऊ शकतो आणि थकबाकीच्या वीस टक्क्यांपर्यंतची फी वाजवी धरली जाते. कोणाला मान्यता आहे ते व्हीएच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहता येते. त्या कंपनीला आणखी काही देऊ नका, करारपत्र जपून ठेवा आणि खात्याच्या जनरल कौन्सेलकडे, म्हणजे कायदा विभागाकडे, तक्रार करा. सासऱ्यांच्या बँकेचा किंवा व्हीएच्या खात्याचा पासवर्ड त्यांनी घेतला असेल तर तो आजच बदला.

आता निर्णयाचे. परीक्षकाने मधुमेह हे मूळ कारण आहे का एवढेच पाहिलेले दिसते. मधुमेहाने आधीपासूनचा त्रास वाढवला का, हा दुसरा प्रश्न त्याने सोडवलेला नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरे नसलेला अहवाल अपुरा मानला जातो. तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. नवा पुरावा जोडून ‘सप्लिमेंटल क्लेम’ करता येतो. आहे त्याच फायलीवर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून ‘हायर-लेव्हल रिव्ह्यू’ मागता येतो. किंवा व्हीएच्या अपील बोर्डाकडे अपील करता येते, ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. सासऱ्यांच्या डॉक्टरांकडून वाढीबद्दलचे पत्र मिळणार असेल, तर मी पहिला रस्ता घेईन : मधुमेहाआधी काय स्थिती होती, नंतर काय झाली, आणि साखरेचे आकडे व मज्जातंतूंची तपासणी काय सांगते. पत्र मिळणारच नसेल, तर दुसरा. तिथे नवा पुरावा चालत नाही, पण अहवाल अपुरा आहे हे दाखवून देता येते आणि तेवढ्यावर नवी तपासणी होऊ शकते.

त्यांना रक्तदाबही असेल, तर तोही पाहा. ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्याने एजंट ऑरेंजशी संपर्क आलेल्यांचा उच्च रक्तदाब सेवेमुळेच झाला असे धरले जाते. व्हिएतनामच्या वेळच्या अनेकांना हे ठाऊकच नाही. रक्तदाब मधुमेहाच्या आधीचा असेल, तर ‘त्रास मधुमेहाच्या आधीचा आहे’ हेच वाक्य तुमच्या उपयोगी पडू शकते, कारण मग तो त्रास रक्तदाबाला किंवा त्याच्या औषधांना सेकंडरी म्हणून मांडता येतो. प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल, तर त्याचा स्वतंत्र विचार होतो. तोही एजंट ऑरेंजच्या यादीत आहे.

एक बारकावा मधुमेहाच्या बाबतीत ध्यानात ठेवा. मधुमेहातून उद्भवलेला, शून्य टक्के रेटिंगचा त्रास मधुमेहाच्या रेटिंगमध्येच धरला जातो, त्यामुळे पत्रात त्याची वेगळी ओळ दिसणार नाही. एसएमसी-के मात्र वेगळी द्यावीच लागते. ओळ दिसली नाही म्हणून ती सोडून देऊ नका.

मुदतीचे शेवटी सांगते, पण करायचे ते आधी. निर्णयाच्या पत्रावरच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत तिन्हींपैकी एक पाऊल टाकले, तर मूळ क्लेमची तारीख टिकते आणि थकबाकी तिथपासून मोजली जाते. रक्तदाबासारख्या नव्या क्लेमसाठी आज फक्त ‘इंटेंट टू फाइल’, म्हणजे क्लेम करण्याचा इरादा कळवणारा फॉर्म, द्या. तो फॉर्म छोटा आहे, फोनवरूनही देता येतो, आणि कागद गोळा करायला एक वर्ष मिळते. मग पत्राची सगळी पाने उघडा आणि ‘फेव्हरेबल फाइंडिंग्ज’ ह्या मथळ्याखाली काय लिहिले आहे ते पाहा. खात्याने तिथे जे मान्य केले असेल, उदाहरणार्थ निदान झालेले आहे हे, ते पुढच्या अधिकाऱ्यावर सहसा बंधनकारक असते आणि पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. नाव, पत्ता आणि फाइलचा क्रमांक झाकून ते पान मला खासगी संदेशात पाठवा. डॉक्टरांच्या पत्रात नेमके काय विचारायचे, ते त्यावरून लिहून देते.